मार्चचा टँकर ऑक्टोबरात ठरतो

एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून लातूरला रेल्वेने पाणी न्यावं लागलं. पहिल्या गाडीला दहा वाघिणी होत्या, सगळं मिळून सुमारे पाच लाख लिटर पाणी. त्याआधी मार्चमध्ये लातुरात पाणी भरण्याच्या ठिकाणी जमावबंदी लावण्याची वेळ आली होती. ती गाडी देशभर दिसली. तिच्यातल्या पाण्याचा आकडा मात्र शेतीच्या हिशेबात मांडला की वेगळा दिसतो. पाच अश्वशक्तीची मोटर ताशी साधारण २५ हजार लिटर पाणी उपसते. म्हणजे पाच लाख लिटर हा एका मोटरीचा वीस तासांचा उपसा झाला.

दुष्काळातल्या पिण्याच्या पाण्याबद्दल बोलताना हे प्रमाण कायम समोर ठेवावं लागतं. माणसांना आणि जनावरांना लागणारं पाणी फार थोडं असतं. ते गावात बहुतेक वेळा असतंसुद्धा, अगदी कमी पावसाच्या वर्षातही. पण पिकाचं पाणी आणि पिण्याचं पाणी एकाच खडकातून येतं, आणि खडकातलं पाणी जो आधी उपसेल त्याचं होतं. पिण्यासाठी वाटा राखायचा निर्णय रब्बीच्या पेरणीआधी झाला नाही, तर मार्चमध्ये तो घ्यायला काही उरत नाही. हा वाटा कसा मोजायचा आणि कसा राखायचा, ते इथे आकड्यांनिशी मांडलं आहे. त्याला पाण्याचा ताळेबंद म्हणतात. अहिल्यानगर (पूर्वीच्या अहमदनगर) जिल्ह्यातलं हिवरे बाजार पोपटराव पवारांच्या पुढाकाराने तो दरवर्षी मांडतं. पाऊस किती झाला ते बघून तिथे रब्बीची पिकं ठरतात, ऊस-केळी घेत नाहीत आणि शेतीसाठी बोअर मारत नाहीत. त्या गावाचं कौतुक खूप होतं, हिशेबाची पद्धत मात्र फार कमी गावांनी उचलली. ती अवघड नाही.

आधी खडक समजून घेऊ

महाराष्ट्राचा सुमारे ८० टक्के भूभाग काळ्या पाषाणाचा, म्हणजे बेसाल्टचा आहे. लाव्हा थरावर थर असा पसरत गेला, त्यामुळे जमिनीखाली एकाआड एक थर आहेत. वर माती आणि मुरूम, मग कुजका किंवा भेगाळलेला खडक, मग मांजऱ्या, म्हणजे बारीक पोकळ्यांचा खडक, मध्ये कुठे तांबड्या गेरूचा पट्टा, आणि खाली अखंड काळा दगड. पाणी साठतं ते मुरमात, भेगांत आणि मांजऱ्यात. अखंड पाषाणात ते जवळपास नसतंच.

गंगेच्या खोऱ्यात गाळ शेकडो फूट खोल असतो आणि तो वाळूच्या गोणीसारखा पाणी धरतो. आपल्याकडचा खडक तसा नाही. भूजलशास्त्रात याचा एक आकडा वापरतात. बेसाल्टमधून उपशाला मिळणारं पाणी खडकाच्या आकारमानाच्या साधारण १ ते ३ टक्के, हिशेबासाठी २ टक्के धरतात. म्हणजे एक हेक्टर जमिनीखाली पाण्याची पातळी एक मीटरने वाढली, तर त्या १०,००० घनमीटर खडकात खरं पाणी आलं फक्त २०० घनमीटर, दोन लाख लिटर. पाच अश्वशक्तीची मोटर ते आठ तासांत बाहेर काढते.

यातून दोन गोष्टी निघतात. एक, आपली विहीर चांगल्या पावसात भराभर भरते आणि तितक्याच भराभर उतरते. भरलेली विहीर बघून ‘यंदा पाणी मुबलक आहे’ म्हणणं ही सर्वांत महागात पडणारी चूक. दुसरी, खडकात न मावलेलं पाणी ओढ्याने वाहून जातं. पुढच्या वर्षासाठी शिल्लक फार थोडी राहते, त्यामुळे आपला हिशेब वर्षाचा वर्षालाच करावा लागतो. सलग दुसरं वर्ष कोरडं गेलं की गाव का कोलमडतं, याचं उत्तर इथे आहे.

पाऊस मोजायचा, आठवायचा नाही

महसूल मंडळात एक हवामान केंद्र असतं आणि त्या मंडळात बरीच गावं येतात. मंडळात ६० मिलिमीटर पडला आणि आपल्या शिवारात शिंतोडे, हे सगळ्यांना माहीत आहे. म्हणून गावाचा स्वतःचा पर्जन्यमापक हवा. तो मोकळ्या जागी ठेवायचा. जवळचं झाड किंवा भिंत जितकी उंच, त्याच्या किमान दुप्पट अंतरावर. रोज सकाळी साडेआठला वाचायचा, कारण हवामान खात्याचा दिवस तेव्हा मोजला जातो. २.५ मिलिमीटर किंवा जास्त पाऊस झाला तर तो पावसाचा दिवस. शाळेच्या भिंतीवर फळा करून आकडा रोज लिहिला, तर तो सगळ्या गावाचा होतो आणि ऑक्टोबरात कुणी त्यावर वाद घालत नाही.

एकूण पावसाइतकेच महत्त्वाचे पावसाचे दिवस. ४०० मिलिमीटर चाळीस दिवसांत पडला तर बराचसा जिरतो. तोच पंधरा दिवसांत धो धो पडला तर ओढ्याला पूर येतो आणि विहिरी अर्ध्याच राहतात. म्हणून नुसत्या पावसावरून हिशेब करून थांबायचं नाही, तो विहिरींवरून ताडून बघायचा.

विहीर मोजायची रीत

भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणा आपल्या निरीक्षण विहिरी वर्षातून चार वेळा मोजते. पावसाळा संपल्यावर, मग जानेवारी, मार्च आणि मे. गावानेही हेच वेळापत्रक ठेवावं. १० ते १५ विहिरी निवडा. काही माळाकडच्या, काही मधल्या, काही ओढ्याकाठच्या. सगळ्या ओढ्याकाठच्या घेतल्या तर आकडा फुगतो, आणि ज्यांच्या विहिरी आधी आटतात ती माळावरची माणसं हिशेबातून गळतात.

मोजताना काय चुकतं? कठड्यावर मोजणीची खूण केलेली नसते, त्यामुळे ऑक्टोबरात एका बाजूने मोजतात आणि मेमध्ये दुसऱ्या. ऑईल पेंटने कठड्यावर एक बाण काढा आणि कायम तिथूनच टेप सोडा. कठड्याची जमिनीपासूनची उंची वेगळी लिहून ठेवा, ती खोलीतून वजा करायची असते. सर्वांत मोठी चूक म्हणजे मोटर चालू असताना किंवा नुकती बंद केल्यावर मोजणं. तेव्हा मोजली जाते ती उपशाने खाली गेलेली पातळी, खडकातल्या पाण्याची नाही. आदल्या संध्याकाळी मोटर बंद करून, निदान बारा तास गेल्यावर, सकाळी मोजा. टेपच्या टोकाला वजन बांधा आणि शेवटच्या दोन मीटरला खडू फासा. खडू जिथपर्यंत भिजला ती पातळी, म्हणजे अंधाऱ्या विहिरीत डोकावून अंदाज करावा लागत नाही.

त्याच दिवशी विहिरीचा पाझरही मोजून घ्या. सहा मीटर व्यासाच्या विहिरीचं क्षेत्रफळ सुमारे २८ चौरस मीटर. म्हणजे एक मीटर पाणी म्हणजे २८ हजार लिटर. मोटरीने पातळी दोन-अडीच मीटर खाली आणा, मोटर बंद करा, आणि तासाभरात पाणी किती सेंटिमीटर चढलं ते बघा. १५ सेंटिमीटर चढलं तर ताशी ४,२०० लिटर आवक झाली. पातळी वर येईल तशी ही आवक मंदावते, म्हणून दिवसाकाठी ती विहीर फार तर ८० ते ९० हजार लिटर देईल. आता मोटर मोजा. २०० लिटरचा पिंप पाइपखाली धरा. तीस सेकंदांत भरला तर मोटर ताशी २४ हजार लिटर ओढते. आठ तास चालवली तर जवळपास दोन लाख. विहीर देते त्याच्या दुप्पट. बाकीचं पाणी साठ्यातून जातं, म्हणजे मार्चच्या वाट्यातून. हा पिंपाचा प्रयोग बांधावर दहा शेतकऱ्यांसमोर करून दाखवला की पुढची बरीच चर्चा सोपी होते.

ताळेबंद: जमा बाजू

एक नमुन्याचं गाव घेऊ. शिवार १,००० हेक्टर, त्यातलं डोंगर-उतार वगळून पाणी जिरण्याजोगं क्षेत्र ८०० हेक्टर. वस्ती १,५००. गाई-म्हशी-बैल ८००, शेळ्या-मेंढ्या ६००. एरवी ६५० मिलिमीटर पडणारा पाऊस यंदा ४०० मिलिमीटर झाला.

एक मिलिमीटर पाऊस एका हेक्टरवर पडला की १० घनमीटर पाणी होतं. पाण्याच्या हिशेबात हजार घनमीटरला एक टीसीएम म्हणतात. एक टीसीएम म्हणजे दहा लाख लिटर. ८०० हेक्टरवर ४०० मिलिमीटर म्हणजे ३,२०० टीसीएम. आकडा मोठा वाटतो, पण निम्म्याहून जास्त पाणी माती आणि पिकांतून हवेत जातं आणि काही ओढ्याने वाहतं. खडकात उतरणारा वाटा कुजक्या बेसाल्टमध्ये साधारण ७ टक्के, भेगाळ आणि मांजऱ्या खडकात १३ टक्क्यांपर्यंत. आपल्या गावासाठी १० टक्के धरू. जमा झालं ३२० टीसीएम.

आता विहिरींवरून पडताळा. मेपासून ऑक्टोबरपर्यंत निवडलेल्या विहिरींची पातळी सरासरी दोन मीटर वाढली असेल, तर ८०० हेक्टर गुणिले दोन मीटर गुणिले २ टक्के, हेही ३२० टीसीएम येतं. इथे दोन्ही आकडे मुद्दाम जुळणारे घेतले आहेत. प्रत्यक्षात ते इतके जुळत नाहीत. मोठा फरक पडला तर लहान आकडा धरा आणि विहिरींची मोजणी पुन्हा तपासा. चुकून पाणी जास्त निघालं तर उन्हाळ्यात आनंदच होईल. चुकून कमी निघालं तर त्याची किंमत घागरी वाहणाऱ्या बायका देतात.

यातलं काही पाणी आपण काहीही न करता ओढ्याला पाझरून निघून जातं. त्यासाठी दहावा हिस्सा सोडा. हातात राहिलं साधारण २९० टीसीएम. पाझर तलाव आणि बंधाऱ्यांतला साठा कमी पावसाच्या वर्षी वेगळा जमेला धरू नये. तो बहुतांशी झिरपून विहिरींतच येतो, आणि दोनदा मोजला जातो.

ताळेबंद: खर्च बाजू

आधी माणसं आणि जनावरं. माणशी ५५ लिटर हे ग्रामीण नळ योजनांचं माप धरू: रोज ८२,५०० लिटर. मोठ्या जनावराला उन्हाळ्यात पिणं-धुणं धरून ५० लिटर: ४० हजार. शेळीला ५ लिटर: ३ हजार. एकूण रोजचे सव्वा लाख लिटर.

दिवस किती धरायचे? इथे बहुतेक हिशेब चुकतात, कारण ते ३१ मे किंवा मृगापर्यंत धरतात. मृग कोरडा गेला तर? विहिरीला पाणी लागायला जमीन आधी भिजावी लागते, त्यात जुलै उजाडतो. म्हणून १ ऑक्टोबरपासून ३१ जुलैपर्यंतचे ३०४ दिवस धरा. लागणारं पाणी ३८ टीसीएम. गळती आणि उपसता न येणारा तळाचा साठा धरून राखीव ठेवू ६० टीसीएम. २९० पैकी ६०. शेतीला राहिले २३० टीसीएम.

आता गेल्या वर्षीची पिकं मांडू. पाटपाण्यावरच्या एक हेक्टर उसाला ऑक्टोबर ते जून साधारण १५ टीसीएम लागतं. गव्हाला सहा पाणी द्यायची तर साडेचार. कांद्याला साडेसहा. हरभऱ्याला दोन पाणी, सव्वा टीसीएमच्या आतच. ठिबकवरच्या डाळिंबाला चार. गेल्या वर्षी ऊस १० हेक्टर, गहू ३०, कांदा २०, हरभरा ६०, डाळिंब १२ हेक्टर होतं. बेरीज केली तर १५०, १३५, १३०, ७२ आणि ४८, म्हणजे ५३५ टीसीएम. हातात आहेत २३०. तूट ३०५.

ही तूट कागदावर राहत नाही. पिकं पेरली की उपसा होतोच. राखीव ६० टीसीएम जानेवारीतच संपतं, मग पिकंही अर्ध्यात वाळतात. कांदा पोसायच्या वेळीच पाणी तुटतं, ऊस बांधावर जळतो, आणि बियाणं-खत-मजुरीचा सगळा खर्च मातीत जातो. दुष्काळात शेतकऱ्याचं मोठं नुकसान होतं ते बरेचदा असं, पेरणीनंतर.

एक आकडा ग्रामसभेत मोठ्याने वाचून दाखवण्यासारखा आहे. सगळ्या गावाचं आणि जनावरांचं दहा महिन्यांचं पाणी ३८ टीसीएम. अडीच हेक्टर उसाचं पाणीही तेवढंच. सहा एकर ऊस आणि दीड हजार माणसं, त्यांची सगळी गुरंढोरं. यात ऊस लावणाऱ्याला खलनायक ठरवायचं कारण नाही. कारखाना ऊस उचलतो, बाजारभावाची थोडी शाश्वती असते, आणि कर्ज फेडायचं असतं. पण हा आकडा त्यालाही माहीत हवा.

मग पेरायचं काय? हरभरा ८० हेक्टर: ९६ टीसीएम. रब्बी ज्वारी ६० हेक्टर एका संरक्षित पाण्यावर: ३६. कांदा ठिबकवर ८ हेक्टर, साडेचारप्रमाणे: ३६. डाळिंबाच्या उभ्या बागा जगवायला ४८. एकूण २१६. चौदा टीसीएम शिल्लक. ज्वारीचा कडबा जनावरांना होतो, तो दुष्काळात धान्याइतकाच मोलाचा. हरभऱ्याला पहिलं पाणी ३० ते ३५ दिवसांनी, दुसरं घाटे भरताना, ६० ते ६५ दिवसांनी. काळ्या जमिनीत याहून जास्त पाणी दिलं तर तो नुसता वाढतो, घाटे कमी धरतो.

२ ऑक्टोबरला ग्रामसभा होतेच. ताळेबंदाचा पहिला मसुदा तिथे ठेवा. परतीचा पाऊस पुढे दहा-पंधरा दिवस येऊ शकतो, म्हणून दसरा-कोजागिरीच्या सुमारास आकडे दुरुस्त करून पक्के करा. ज्वारीची पेरणी तोवर उरकत आलेली असते, त्यामुळे तिला अडवण्याचा प्रश्नच नाही. बागायती हरभरा, गहू, उन्हाळी कांदा आणि नवी ऊस लागवड यांचा निर्णय मात्र अजून हातात असतो. नोव्हेंबर उलटला की तो हातातून जातो.

पाणी कागदावर राखलं, विहिरीत कसं राखायचं?

बहुतेक गावांचे ठराव इथे फसतात. ६० टीसीएम राखीव लिहिलं, पण ते खडकात कुठे वेगळं ठेवलेलं नसतं. खडकाला कप्पे नाहीत. नळ योजनेच्या विहिरीशेजारी शंभर मीटरवर मोठी मोटर चालली, तर राखीव पाणी तिच्यातून जातं. म्हणून आकड्याबरोबर जागा राखावी लागते.

१९९३ च्या भूजल कायद्यापासून सार्वजनिक पिण्याच्या स्रोताच्या ५०० मीटर परिसरात परवानगीशिवाय नवी विहीर घेता येत नाही. २००९ चा भूजल अधिनियम २०१४ पासून लागू झाला, आणि त्याने शेती-उद्योगासाठी ६० मीटरहून, म्हणजे सुमारे दोनशे फुटांहून खोल बोअरला मनाई केली. कायदा आहे, पण रात्री गाडी येते आणि सकाळी बोअर झालेला असतो, हे प्रत्येक तालुक्याला ठाऊक आहे. म्हणून त्या ५०० मीटरच्या वर्तुळातल्या विहिरींची यादी नावानिशी ग्रामपंचायतीत लावा. त्या मालकांशी आधी बोला. त्यांनी रब्बीत एकच पाण्याचं पीक घ्यायचं आणि जानेवारीनंतर उपसा थांबवायचा, बदल्यात गावाने काय द्यायचं, हे ऑक्टोबरातच ठरवा. टंचाईत तहसीलदार खासगी विहीर अधिग्रहित करून मोबदला देतात. तो मार्ग आहेच, पण रिकामी विहीर अधिग्रहित करून कुणाचं भागत नाही.

वाटणीच्या न्यायाचा प्रश्न टाळून हे होत नाही. पुरंदर तालुक्यातल्या नायगावात विलासराव साळुंखे यांनी १९७२ च्या दुष्काळानंतर पाणी पंचायत उभी केली. तिथे पाणी जमिनीच्या मापाने न देता कुटुंबातल्या माणसांच्या मापाने दिलं गेलं: माणशी अर्धा एकर, कुटुंबाला जास्तीत जास्त अडीच एकर. भूमिहीनालाही पाण्यावर हक्क, आणि ऊस वर्ज्य. इतकं प्रत्येक गावाला जमेल असं नाही. पण ज्याच्याकडे विहीर नाही त्याला या बैठकीत बोलायला जागा असली, तर ठराव टिकतो.

बोअर खोल नेल्याने काय होतं

पाणी आटलं की पहिला विचार बोअरचा येतो. पाणाड्या येतो, नारळ उभा राहतो, गाडी येते. सातशे-आठशे फुटांवर लागलेलं पाणी बरेचदा एखाद्या भेगेत वर्षानुवर्षं साठलेलं असतं. त्याचं पुनर्भरण फार हळू होतं, म्हणून जोरात लागलेलं पाणी महिन्या-दोन महिन्यांत गुळण्या टाकतं. यवतमाळ-चंद्रपूरसारख्या भागात खोल पाण्यात फ्लोराइड निघतं. ते डोळ्याला दिसत नाही, पण दात आणि हाडं खराब करतं.

आणखी एक नुकसान कुणी फारसं सांगत नाही. केसिंग, म्हणजे बोअरच्या वरच्या भागात घालायचा पाइप, नीट बसवलेलं नसेल, तर वरच्या मुरमातलं आणि मांजऱ्यातलं पाणी बोअरच्या भोकातून खालच्या भेगांत उतरतं. शेजारच्या उघड्या विहिरी त्यामुळे कोरड्या पडतात, आणि ते पाणी बोअरवाल्यालाही पुरतं मिळत नाही. विहिरीच्या तळाशी मारलेले आडवे बोअरही तेच करतात: शिवारात नवं पाणी येत नाही, शेजाऱ्याचं आधी येतं. पिण्यासाठी बोअर घ्यावाच लागला तर केसिंग कठीण खडकात बसेपर्यंत घाला आणि बाहेरची फट सिमेंटने बुजवा.

शेततळ्याचं एक वाकडं गणित

३० बाय ३० मीटर आणि ३ मीटर खोल, बाजूंना एकास एक उतार असं शेततळं २,१९६ घनमीटर पाणी धरतं, म्हणजे जवळपास २२ लाख लिटर. पावसात वाहून जाणारं पाणी त्यात घेतलं तर ते वरदान. पण आता बरीच अस्तर घातलेली तळी ऑक्टोबर-नोव्हेंबरात विहिरीतून उपसून भरली जातात, ‘नंतर पाणी राहील न राहील’ म्हणून. खडकातलं पाणी सावलीत असतं, तळ्यातलं उन्हात. उन्हाळ्यात रोज आठ मिलिमीटर वाफ धरली, तरी ९०० चौरस मीटरच्या भरलेल्या तळ्यातून दिवसाला सात हजार लिटर पाणी उडतं. माणशी ५५ लिटरने ते १३० माणसांचं पाणी आहे. म्हणून विहिरीवरून तळं भरायला ग्रामसभेने आवर घालावा, आणि ज्यांना बागेसाठी ते भरणं भागच आहे त्यांनी शेडनेटने झाकावं.

कोल्हापूर बंधाऱ्याच्या दारांचंही लक्षात ठेवा. दारं पावसाळ्यात काढलेली असतात आणि ऑक्टोबरात वाहतं पाणी ओसरताना बसवायची असतात. आठ दिवस उशीर झाला तर अडवण्यासारखं काही उरत नाही. रबरी पट्ट्या कडक झाल्या असतील तर दारं बसवूनही पाणी झिरपून जातं. पट्ट्या सप्टेंबरमध्येच तपासा, हरवलेल्या दारांची संख्या तेव्हाच मोजा.

तरीही टंचाई आली तर

सरकारी टंचाई आराखडा तीन टप्प्यांत होतो: ऑक्टोबर ते डिसेंबर, जानेवारी ते मार्च, एप्रिल ते जून. त्यात हातपंपाची दुरुस्ती, नळ योजनेची विशेष दुरुस्ती, तात्पुरती पूरक योजना, विहीर अधिग्रहण आणि शेवटी टँकर असे उपाय येतात. ज्या गावाचे विहिरींचे आकडे तारखांसह लिहिलेले असतात, त्या गावाचा प्रस्ताव लवकर पुढे सरकतो. ठरावाबरोबर ऑक्टोबर आणि जानेवारीच्या पातळ्यांचा तक्ता जोडा.

टँकर आला की तो विहिरीत ओततात. आटलेल्या विहिरीत ओतलेलं पाणी भेगांतून परत खडकात मुरतं, आणि उरलेलं दोरी-बादलीने ओढताना गढूळ होतं. कठड्यावर वाकून पाणी ओढताना बायका-पोरं पडतात, ते वेगळंच. शक्य तिथे पाच किंवा दहा हजार लिटरची टाकी ओट्यावर बसवा, तिला सहा-आठ तोट्या लावा आणि टँकर तिच्यात रिकामा करा.

ते पाणी शुद्ध करायलाच हवं, कारण टंचाईतच गॅस्ट्रोची साथ येते. हजार लिटरला पाच ग्रॅम चांगली टीसीएल (ब्लीचिंग) पावडर लागते, दहा हजार लिटरला ५० ग्रॅम. पावडर थेट टाकू नका. बादलीत थोड्या पाण्यात कालवा, दहा मिनिटं चुना खाली बसू द्या, वरचं निवळ पाणी टाकीत ओता आणि अर्धा ते एक तास थांबा. मग ओटी टेस्ट, म्हणजे पाण्यातला क्लोरीन तपासण्याची चाचणी, करा. नमुना पिवळसर झाला तर क्लोरीन आहे, रंगच आला नाही तर मात्रा कमी पडली किंवा पावडर जुनी झाली. उघड्या पोत्यातली पावडर ओल धरून निकामी होते, म्हणून ती प्लास्टिकच्या झाकणाच्या डब्यात सावलीत ठेवा.

फळबाग जगवायची असेल तर त्या वर्षीच्या उत्पन्नाची आशा सोडून झाड वाचवायचं. फळं काढून टाका, हलकी छाटणी करा. बुंध्याभोवती उसाचं पाचट किंवा गवत १० ते १५ सेंटिमीटर जाड पसरा, पण बुंध्याला टेकू देऊ नका, वाळवी लागते. ठिबक संध्याकाळी किंवा पहाटे चालवा. पानांवर ८ टक्के केओलीन (पांढरी माती), म्हणजे १० लिटर पाण्यात ८०० ग्रॅम, फवारलं की ऊन परावर्तित होतं आणि पानांतून पाणी कमी उडतं. फवारताना द्रावण सतत ढवळत राहा, नाहीतर माती तळाशी बसून नोझल तुंबतं. टँकरने बाग जगवण्याआधी हिशेब करा: मोठ्या मोसंबीच्या झाडाला आठवड्याला शे-दीडशे लिटर दिलं, तरी ३०० झाडांना आठवड्याला ३० ते ४५ हजार लिटर लागतात. सगळी बाग अर्धवट भिजवण्यापेक्षा जोमदार अर्धी झाडं निवडून तेवढीच पुरती जगवा.

जानेवारीत विहिरी पुन्हा मोजा. ऑक्टोबरात धरलेल्या अंदाजापेक्षा पातळी जास्त उतरली असेल, तर उन्हाळी भुईमूग, भाजीपाला आणि चाऱ्याचं मका यांची लागवड तिथेच थांबवा. ५०० मीटरच्या आतल्या मोटरी बंद करायची तारीखही त्याच दिवशी फळ्यावर लिहा.